पाखरांची राखण

गेल्या माघ महिन्यातील गोष्ट. सुट्टीचा शनिवार होता. सहल म्हणावी एवढा मोठा बेत नव्हता. शिर्डीच्या बाहेर, आपल्या राहाता तालुक्यातून वाहणाऱ्या गोदावरीच्या उजव्या कालव्याच्या काठाने तासभर हिंडून यावे, एवढ्याच हेतूने आठवी-नववीतील बारा-तेरा विद्यार्थी बरोबर घेऊन मी सकाळी निघालो होतो. थंडी ओसरू लागली होती. एका अंगास पिवळा पडत चाललेला गहू, दुसऱ्या अंगास नांगरून ठेवलेले मोकळे रान. त्या रानातून एक चिमुकला पक्षी उडाला. तो चढत चढत आभाळात गेला, तेथून पंख मिटून दगडासारखा खाली आला, आणि जमिनीस टेकतो न टेकतो तोच पुन्हा वर उसळला. हा खेळ चालू असता त्याचा गोड सूरही मधून मधून ऐकू येत होता. मुले माना वर करून पाहत उभी राहिली. त्यांतील एकाने मला विचारले, "सर, हा कोणता पक्षी?"

मी म्हणालो, "असेल कसला तरी. चला, ऊन चढेल."

जवळच एक वृद्ध मेंढपाळ काठीवर रेलून उभे होते. ते हसून म्हणाले, "मास्तर, चंडोल हाय त्यो. डोंबाऱ्यावानी कोलांट्या घेतोय बघा."

मुलांनी ते नाव लगेच उचलले. मी मात्र घरी येईपर्यंत फारसे बोललो नाही. इंग्रज कवी शेली याने १८२० साली चंडोलावर लिहिलेली प्रसिद्ध कविता मी महाविद्यालयात अभ्यासली आहे. परीक्षेत तिचे रसग्रहण करून चांगले गुण मिळविले आहेत. पुढे शिक्षक झाल्यावर ती मुलांना मोठ्या आवडीने वाचूनही दाखविली आहे. परंतु त्याच कुळातील एक पक्षी माझ्या स्वतःच्या गावच्या रानात, माझ्या डोक्यावर गात असता मला त्याची ओळख पटली नाही. एवढेच असते तरी चालले असते, कारण माहिती नसणे हा काही अपराध नव्हे. परंतु एका मुलाने प्रश्न विचारला असता "असेल कसला तरी" असे म्हणून मी तो टोलविला, हा मात्र शिक्षकाच्या हातून घडलेला अपराध होय.

या प्रसंगानंतर माझे जे मत बनले, ते सुज्ञ पालकांपुढे व विद्यार्थिमित्रांपुढे ठेवावे, म्हणून हा लेख लिहीत आहे. ते मत थोडक्यात असे: आपल्या गावच्या पाखरांची नावे मुलांस ठाऊक असली पाहिजेत, ती किती आहेत व केव्हा येतात-जातात हे त्यांनी वहीत लिहून ठेवले पाहिजे, आणि हे काम फावल्या वेळचा छंद म्हणून नव्हे, तर शिक्षणाचा भाग म्हणून झाले पाहिजे. कारण ज्याची ओळख नाही त्याची राखण होत नाही.

"राखण" हा शब्द शेतकऱ्याच्या मुलास नवा नाही. ज्वारी हुरड्यात आली की शेतात माळा उभारावयाचा, त्यावर चढून हाकाट्या करावयाच्या आणि गोफणीने पाखरे उडवावयाची, यास आपल्याकडे राखण म्हणतात. ही राखण पाखरांपासून पिकाची असते. मी जिच्याविषयी बोलत आहे ती राखण पाखरांची. या दोन्हींत विरोध आहे असे वरवर पाहता वाटेल. त्याचा विचार पुढे करू.

प्रथम हे पाहू, की माघ-फाल्गुनाचाच आग्रह का? शिर्डीस पाहुण्यांची सवय आहे. देशाच्या कानाकोपऱ्यांतून येथे भाविक येतात, आणि २०१७ सालापासून तर काकडी येथील विमानतळावर विमानेही उतरतात. परंतु विमानांचे नावही कोणी ऐकले नव्हते तेव्हापासून या भागात आभाळमार्गाने येणारा दुसरा एक यात्रेकरूंचा मेळा आहे. तो पावसाळ्याच्या अखेरीस व हिवाळ्यात उतरतो आणि वसंत लागला की परत फिरतो. दिवस मोठा होऊ लागला की या पाखरांच्या शरीरास जणू निरोप पोहोचतो. ती अधिक खाऊ लागतात, अंगावर चरबी साठवितात, थव्यांनी जमू लागतात. आणि एके दिवशी पाहावे तो तळे रिकामे! तेव्हा वसंताचा आरंभ म्हणजे पाहुण्यांस निरोप देण्याचा काळ. त्याच वेळी आपली घरची पाखरे गाऊ लागतात, जोड्या जमवितात, घरट्यांच्या तजविजीस लागतात. पानगळीमुळे झाडे विरळ झालेली असतात, त्यामुळे पाखरू डोळ्यांस सहज सापडते. नवशिक्यास याहून चांगला काळ नाही.

आता या दिवसांत शिर्डीच्या आसपास काय काय दिसते ते पाहा. तारांवर शेपटी दुभंगलेला काळा कोतवाल बसलेला असतो; त्याच्यापासून हातभर अंतरावर हिरवा वेडा राघू हवेतच माशी टिपून पुन्हा त्याच जागी येऊन बसतो. ओल्या बांधावर शेपूट खालीवर हालवीत धोबी चालतो; हा थंडीचा पाहुणा आहे. वडाच्या फांदीवरून तांबट ठोके घालीत असतो. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा त्याचा आवाज, म्हणून त्याचे नाव तांबट. कालव्याच्या काठी ढोकरी मान आखडून बसते, ती उडाली म्हणजेच तिचे पांढरे शुभ्र पंख दिसतात. पेरूच्या बागेत राघूंची लूट चाललेली असते. आणि आमराईत कोकिळ कंठ साफ करू लागलेला असतो. यांतले एकही पाखरू पाहण्यास तिकीट पडत नाही.

याच दिवसांत पळस आणि काटेसावर फुलतात, आणि त्या फुलांतील मधावर भोरड्यांचे थवेच्या थवे उतरतात. अंग गुलाबी, डोके, पंख व शेपटी काळी, असा हा मैनेच्या जातीचा पक्षी. पूर्व युरोपापासून मध्य आशियापर्यंतच्या गवताळ प्रदेशात त्याचे घर आहे; पावसाळा सरत असताच तो आपल्याकडे येऊ लागतो आणि एप्रिलपर्यंत बहुतेक परत जातो. संध्याकाळी हजारो भोरड्या एकत्र उडतात तेव्हा आभाळात जणू धुराचा लोट वळणे घेत आहे असा भास होतो.

येथे शेतकरी पालक मला अडवतील आणि म्हणतील, "गुरुजी, तुम्हाला भोरडीचा रंग दिसतो, आम्हाला आमची ज्वारी दिसते!" त्यांचे म्हणणे खोटे नाही. भोरड्यांचा थवा ज्वारीच्या कणसांवर बसला तर पीक उभे असताच लुटले जाते, हे मी पाहिले आहे. ज्याचे वर्षाचे अन्न त्या कणसांत आहे त्याने गोफण हाती घेऊ नये, असे सांगण्याचा मला अधिकार नाही. परंतु अर्ध्या ओळखीवर निकाल देऊ नये, एवढेच माझे सांगणे आहे. हीच भोरडी आपल्या मूळ मुलखात टोळांवर जगते आणि आपली पिलेही टोळांवरच वाढविते. चीन देशाच्या शिनजियांग प्रांतात तर टोळांचा बंदोबस्त व्हावा म्हणून लोकांनी भोरड्यांसाठी मुद्दाम दगडांची घरटी बांधून दिली आहेत. आपल्याकडेही ती कणसांबरोबर नाकतोडे आणि अळ्या खाते. तेव्हा ती चोरही आहे आणि राखणदारही आहे. जुने शेतकरी हाकाटी करीत, गोफण फिरवीत, थवा उडवून लावीत. परंतु पाखरांचा वंश बुडावा असे त्यांच्या मनातही येत नसे. पिकाची राखण आणि पाखरांची राखण या दोन गोष्टी एकाच घरात नांदू शकतात त्या अशा.

आता पाण्यावरच्या पाहुण्यांकडे वळू. आपल्या कालव्याचे पाणी येते कोठून, हा प्रश्न मी वर्गात विचारला तेव्हा पुष्कळांनी नुसते "धरणातून" असे सांगितले. नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाशी, नांदूर मध्यमेश्वर येथे इंग्रजी अमदानीत विसाव्या शतकाच्या आरंभी एक बंधारा बांधण्यात आला. गोदावरीचे डावा व उजवा असे दोन्ही कालवे तेथूनच निघतात, आणि त्यांवर कोपरगाव, राहाता या भागांतील शेती उभी आहे. बंधारा बांधणाऱ्यांच्या मनात ऊस आणि गहू होता, पाखरे नव्हती. परंतु दोन नद्यांनी वर्षानुवर्षे गाळ आणून टाकला, पाणी उथळ झाले, मध्ये मध्ये बेटे उभी राहिली, पाणवनस्पती माजल्या, आणि माणसाने न बोलावलेली पाखरे तेथे घर करू लागली. १९८६ साली ते अभयारण्य झाले. रामसर या इराणमधील गावी १९७१ साली झालेल्या करारान्वये जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागांची जी यादी ठेवली जाते, तीत समावेश झालेली महाराष्ट्रातील ही पहिली जागा. ही गोष्ट २०२० साली जाहीर झाली. तेथे दोनशे चाळीसहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे. आपल्या शेतास पाणी देणारा बंधारा आणि तिबेटातून येणाऱ्या चक्रवाकास आसरा देणारा बंधारा एकच आहे, हे आपल्यापैकी कितीजणांस ठाऊक होते?

फेब्रुवारीत आम्ही तेथे गेलो. शिर्डीहून गाडीने दोन तासांच्या आतली ही वाट आहे. चापडगावच्या बाजूस पक्षी पाहण्यासाठी मनोरा आहे. सूर्य नुकताच वर आला होता, पाण्यावर धुके होते, आणि त्या धुक्यातून असा काही कलकलाट येत होता की मुलांची बडबड आपोआप थांबली. मग धुके विरले. नारिंगी रंगाचे चक्रवाक जोडीजोडीने काठावर उभे होते. टोकदार शेपटीचे तलवार बदक आणि चपट्या रुंद चोचीने पाणी गाळून खाणारे थापटे पोहत होते. लांब गुलाबी पायांचे शेकाटे जणू काठ्यांवर चालत होते. चमचे आपल्या चमच्यासारख्या चोची पाण्यात डावी-उजवीकडे फिरवीत होते. पाणवनस्पतींत जांभळ्या पाणकोंबड्या हिंडत होत्या. आणि काळ्या अंगाचे, कपाळावर पांढरा टिळा ल्यालेले ते शेकडो पक्षी कोणते म्हणून मुलांनी विचारले, तेव्हा वाटाड्याने सांगितले, "हे वारकरी." मुले खुशीत आली. ज्याने कोणी या पक्ष्याचे हे नाव पहिल्यांदा ठेवले असेल, त्याने त्याच्याकडे किती प्रेमाने पाहिले असेल! परक्या भाषेतले नाव पाठ करावे लागते; आपल्या भाषेतले नाव पाखराकडे पाहताच उलगडते. कै. मारुती चितमपल्ली, जे २०२५ साली आपणांस सोडून गेले, त्यांनी वनखात्याच्या नोकरीत रानावनातील माणसांकडून अशी नावे जन्मभर वेचली आणि मराठीत पक्षिकोश सिद्ध केला. माझ्या मेंढपाळ बाबांसारखी किती माणसे त्यांचे गुरू झाली असतील!

सहलीहून परतल्यावर आम्ही एक वही घातली. दोनशे पानी साधी वही. तारीख, वेळ, जागा, पक्ष्याचे नाव आणि संख्या, एवढेच रकाने. दर शनिवारी कालव्याच्या त्याच वाटेने जावयाचे, आणि दिसेल ते लिहावयाचे. नाव न कळल्यास "अनोळखी" असे लिहून रंग, चोच, आकार टिपावयाचे, परंतु अंदाजाने काहीही लिहावयाचे नाही. वाटेत एक जुना कडुनिंब आहे. त्याच्या ढोलीच्या तोंडाशी पिंगळ्यांची जोडी बसलेली असे. पिंगळा म्हणजे घुबडाच्या कुळातील लहानसा पक्षी. आपण जवळ गेलो की तो डोळे वटारून मान खालीवर करतो. मुलांस त्याची फार गंमत वाटे. वहीत तीन शनिवार ओळीने लिहिलेले आहे: "पिंगळा – २."

चौथ्या शनिवारी त्या कडुनिंबाच्या शेंड्याशी एक पिंगळा उलटा लोंबकळत होता. त्याच्या पंखात नायलॉनचा मांजा गुंतला होता. संक्रांतीस आपल्या शेजारच्या येवल्यात व या साऱ्या भागात केवढे पतंग उडतात हे सांगणे नकोच. पतंग कटतो, मुले दुसरा लावतात, परंतु झाडात राहिलेला मांजा तेथेच राहतो. सुताचा दोरा उन्हापावसाने कुजतो. नायलॉनचा कुजत नाही. असा मांजा राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर मना केलेला आहे, तरी तो मिळतो, आणि आपणच तो विकत घेऊन मुलांच्या हाती देतो.

पक्षी खाली काढला तेव्हा तो केव्हाच मेलेला होता. मुलांपैकी कोणी बोलले नाही. त्या मांज्याचा मालक कोण, हे कळण्यास मार्ग नव्हता, आणि ते विचारण्याची कोणास छातीही झाली नाही. कारण संक्रांतीस पतंग न उडविलेला त्यांत एकही नव्हता. ज्याने मला चंडोलाचे नाव विचारले होते, त्या मुलाकडे त्या दिवशी वही होती. त्याने तारीख घातली आणि लिहिले: "पिंगळा – १."

मी तेव्हापासून विचार करीत आहे. महिन्यापूर्वी हीच मुले त्याच झाडाखालून गेली असती आणि असाच एक पक्षी लोंबताना दिसला असता, तर काय झाले असते? "कसला तरी पक्षी मेला आहे" असे म्हणून सर्वजण पुढे गेले असते, आणि सर्वांपुढे मी असतो. परंतु आता तो "कसला तरी पक्षी" राहिला नव्हता. तो पिंगळा होता, त्या ढोलीतला होता, दोघांपैकी एक होता. त्याच दुपारी मुलांनी बांबूस आकडे बांधून कालव्याकाठच्या नि शाळेच्या आवारातील झाडांवरचा मांजा काढला. पुढील सोमवारी एका मुलाने घरची आसारी, तिच्यावर गुंडाळलेल्या नायलॉनच्या दोऱ्यासह, माझ्या टेबलावर आणून ठेवली. मी त्यास काहीच सांगितले नव्हते. याच अहमदनगर, आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात अनेक वर्षे राहिलेले रेव्हरंड ना. वा. टिळक यांची घायाळ पक्षिणीवरील कविता कित्येक पालकांनी लहानपणी पाठ केली असेल. मीही ती शिकविली आहे. परंतु ती कविता मुलांच्या हातापर्यंत पोहोचली ती त्या दिवशी.

कोणी म्हणेल, हे सर्व ठीक. परंतु मोजून लिहून ठेवण्याचा एवढा खटाटोप कशास? डोळे भरून पाहिले म्हणजे पुरे नाही काय? माझे उत्तर असे की, जे मोजलेले नसते त्याचे कमी होणे कोणाच्या लक्षात येत नाही. माळढोकाचे उदाहरण घ्या. गवताळ माळांवर राहणारा हा मोठा देखणा पक्षी. त्याच्यासाठी १९७९ साली सोलापूर व आपला जिल्हा मिळून अभयारण्य करण्यात आले, आणि त्यात कर्जत, श्रीगोंदे, नेवासे या तालुक्यांतील माळराने होती. आज रानात मोकळे वावरणारे माळढोक उभ्या देशात दोनशेही उरलेले नाहीत, आणि त्यांतील बहुतेक राजस्थानात आहेत. आपल्या आजोबा-पणजोबांनी आपापल्या गावच्या माळावर किती माळढोक पाहिले, याच्या नोंदी असत्या, तर धोक्याची घंटा किती आधी वाजली असती!

याच्या उलट चिमणीची गोष्ट. "चिमण्या नाहीशा झाल्या" असे जो तो म्हणतो. नाशिकचे मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने २०१० सालापासून २० मार्च हा दिवस चिमणी दिन म्हणून जगभर पाळला जातो, ही आपणांस अभिमानाची गोष्ट होय. परंतु २०२० साली भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल निघाला, त्यात असे आढळले की मोठ्या शहरांत चिमण्या घटल्या असल्या तरी देशभराचा विचार करता त्यांची संख्या साधारण टिकून आहे. म्हणजे कोठे घट झाली, कोठे नाही, हे मोजल्यामुळेच कळले. त्याच मालिकेतील २०२३ चा अहवाल सुमारे तीस हजार पक्षिनिरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवर आधारलेला आहे. ज्या ३३८ जातींचा दीर्घ काळाचा कल काढता आला, त्यांपैकी २०४ घटल्या, ९८ टिकून राहिल्या आणि अवघ्या ३६ वाढल्या, असे त्यात म्हटले आहे. या नोंदी करणारे बहुतेक लोक शास्त्रज्ञ नव्हते. ते तुमच्याआमच्यासारखे, वही-पेन्सिल घेऊन किंवा आजकालच्या रीतीने मोबाइल घेऊन अंगणात उभे राहिलेले लोक होते. दर वर्षी फेब्रुवारीच्या मध्यास चार दिवस जगभर अंगणातील पक्ष्यांची गणना होते. भारत तीत २०१३ सालापासून सामील आहे. निदान पंधरा मिनिटे एका जागी पाहून दिसतील ते पक्षी मोजावयाचे व नोंद पाठवावयाची, एवढीच तिची अट. आपल्या शाळेने तीत भाग घेण्यास कोणती अडचण आहे?

पालकांची मुख्य शंका मला ठाऊक आहे: "याचे परीक्षेत गुण किती?" मी सरळ सांगतो, एकही नाही. परंतु एक हकीगत ऐका. १९०८ सालच्या सुमारास मुंबईत दहा-बारा वर्षांच्या एका मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती, असे त्याने मामांस विचारले. मामांस सांगता आले नाही. परंतु त्यांनी "असेल कसली तरी" असे म्हटले नाही. त्यांनी त्यास चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडले. तेथील मिलार्ड साहेबांनी त्या पोरास हाकलून न देता कपाटे उघडली, पेंढा भरून ठेवलेले पक्षी एकामागून एक दाखविले, आणि त्याच्या चिमणीची जात सांगितली. तो मुलगा म्हणजे पुढे जगद्विख्यात झालेले डॉ. सालिम अली. पाखरू मारणाऱ्या हाताने पुढे जन्मभर पाखरांचीच राखण केली. त्यांचा जन्मदिवस १२ नोव्हेंबर, व चितमपल्लींचा ५ नोव्हेंबर. या दोन दिवसांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. प्रत्येक मुलाचा सालिम अली होणार नाही, हे मलाही कळते. परंतु प्रत्येक मुलाच्या प्रश्नास नीट उत्तर मिळाले पाहिजे, आणि उत्तर ठाऊक नसेल तर "चल, आपण शोधू" असे म्हणणारा वडीलमाणूस त्यास भेटला पाहिजे.

अशी ओळख झाली म्हणजे सबंध गावही बदलू शकते. नागालँड राज्यातील पांगती गावाजवळ दोयांग जलाशयावर दर वर्षी अमूर ससाणे हजारोंनी उतरतात. सायबेरिया व चीनकडून आफ्रिकेस जाताना त्यांचा तेथे मुक्काम असतो. २०१२ साली ते जाळी लावून हजारोंनी मारले जात होते, असे उघडकीस आले. पुढच्याच वर्षी, २०१३ साली, ग्रामसभा, चर्च आणि तरुण मंडळी यांनी मिळून ही शिकार बंद केली. काही ससाण्यांच्या पाठीवर लहान यंत्रे बसवून त्यांचा प्रवास टिपण्यात आला, आणि त्यांतील एकाचे नाव गावावरून "पांगती" असे ठेवले गेले. मग गावकरी आपला पांगती आता समुद्र ओलांडून कोठवर पोहोचला असेल याची चौकशी करू लागले. जाळे लावणारे हातच राखण करू लागले, ते नाव दिल्यानंतर. आपल्या वहीतील पिंगळ्याची गोष्ट काही निराळी नाही.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस माझे सांगणे थोडे आहे. दुर्बीण नसली तरी अडत नाही. डोळे, कान आणि गप्प बसण्याची तयारी एवढे भांडवल पुरे. घरट्यास हात लावू नका, आणि छायाचित्रासाठी घरट्यापाशी घोटाळू नका. गलोल घरी असेल तर ती खुशाल मोडा. पुढच्या संक्रांतीस पतंग अवश्य उडवा, परंतु सुताच्या दोऱ्याने. आणि सण झाला की झाडांवरचा दोरा उतरविणे हे सणातलेच शेवटचे काम समजा. रानात भेटणाऱ्या मेंढपाळास, माळ्यावरच्या राखणदारास, घरच्या आजीस पाखरांची नावे विचारा व त्यांच्याच तोंडच्या शब्दांत ती लिहून घ्या. पालकांस माझी विनंती एकच: महिन्यातून एका सकाळी मुलाबरोबर बाहेर पडा, आणि तो विचारील त्यास "असेल कसले तरी" असे उत्तर देऊ नका. ते उत्तर देऊन पाहिलेला मनुष्य हे सांगत आहे.

आमची वही शाळेच्या ग्रंथालयात ठेवली आहे. फाल्गुनात तीत भोरड्यांचे आकडे उतरत गेले, आणि शेवटच्या थव्याची तारीखही मुलांनी लिहून ठेवली आहे. पुढल्या वर्षी ही मुले वरच्या वर्गात जातील, दुसरी मुले येतील, आणि पहिला थवा कोणत्या दिवशी उतरला हे ती लिहितील. दर शनिवारी आम्ही अजून त्या कडुनिंबाशी थांबतो. ढोलीच्या तोंडाशी एक पिंगळा बसतो, आमच्याकडे डोळे वटारून पाहतो, मान खालीवर करतो. मुले काही न बोलता वही उघडतात, आणि त्याच्या नावापुढे एकाचा आकडा लिहितात. तेथे पुन्हा दोनाचा आकडा पडण्याची आम्ही वाट पाहत आहोत.